बाराजणींचे अंगठे

"दाबा," मी म्हटलं.

जयवंतीकाकींनी उजवा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला, मग कागदावर. उचलला तेव्हा कागदावर चिंचोक्याएवढा काळा डाग उमटला होता. मी भिंग लावलं. कडेपासून कडेपर्यंत नुसतं काळं. रेषा एकही नव्हती.

"मगे? काय दिसता?"

"काही नाही."

"अगो बाय, काय नाय कसा? येवडो मोठो अंगठो दाबलंय!" मागे बसलेल्या बायका खिदळल्या. काकींनी अंगठा पदराला पुसला. "माजो अंगठो काजीन खाल्ल्यान. तो तुमच्या कागदावर खयसून येतलो?"

मी वहीत लिहिलं : आठवडा पहिला. ज. गवंडे, वय ४६, काजूची बी फोडण्याचा अनुभव एकोणीस वर्षं. उजवा अंगठा : रेषा शून्य.

ही दोन हजार अठराच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून मुंबईच्या एका सरकारी कक्षात कंत्राटावर लागले होते. नव्या कल्पना शोधायच्या, त्या खरंच चालतात का ते मोजायचं आणि चालल्या तर त्यांना पैसा मिळवून द्यायचा, असं त्या कक्षाचं काम. प्रशिक्षणात आम्हाला आलेख दाखवले होते. ज्या देशांनी आपल्या कारागिरांच्या कल्पना उद्योगापर्यंत नेल्या त्यांची रेघ वर गेली होती, ज्यांनी नेल्या नाहीत त्यांची आडवी पडली होती. मला तो आलेख मनापासून पटला होता. त्या रेघेवरचा एक ठिपका मला मिळाला, तो कुडाळपासून बावीस किलोमीटरवर, नेमळवाडीतल्या एका बंद पडलेल्या सोसायटीच्या गोदामात.

कल्पना पुंडलिक मेस्त्रींची होती. एसटीच्या डेपोत तीस वर्षं फिटर, मग निवृत्त. काजूची बी वाफवून गार करतात आणि लोखंडी कटरवर एकेक फोडतात. फोडलेलं टरफल बोटांनी उकलून आतला गर काढावा लागतो. त्या टरफलात एक तेल असतं. प्रयोगशाळेत आम्ही ते हातमोजे घालून हाताळलं असतं. इथल्या बायका हाताला खोबरेल आणि राख चोळून बसायच्या. हातमोज्यांनी गर धरता येत नाही, सुटतो, तुटतो, आणि तुटलेल्या गराला निम्मा दर. म्हणून बोटं उघडी. आधी कातडी काळी पडते, मग सोलवटते, मग गुळगुळीत होते.

मेस्त्रींच्या यंत्रात बी एका वाटीत बसायची. पायाने पट्टी दाबली की दोन पाती मिटायची, आणि वरून एक रबरी तोंडाचा चिमटा येऊन गर उचलून बाजूच्या ताटलीत टाकायचा. चिमट्याची तार सायकलच्या ब्रेकची, रबर एसटीच्या खिडकीचं. तोंड उघडून टपकन मिटायची तऱ्हा बघून बायकांनी त्याला नाव ठेवलं होतं बेडूक.

"नवकल्पना ह्यो शब्द माका फॉर्मात गावलो," मेस्त्री मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "मी बायलेच्या हातांसाठी केलेलंय. तिचे हात बगवत नाय होते. ती गेली, मगे बेडूक तयार झालो."

नियम सरळ होते. बारा कामगार, मेस्त्रींनी बनवलेले बारा बेडूक, साठ दिवस. रोज किती बी फोडली, किती गर अख्खा निघाला, हातांची स्थिती कशी. साठ दिवस नीट पार पडले तर चाळीस बेडूक तयार करायला निधी, आणि त्याच गोदामात बायकांचं स्वतःचं फोडणी केंद्र. नाही तर अर्ज बाद. बायकांपुरतं बोलायचं तर, पास झालं तर इथे बसायचं, नापास झालं तर हात घेऊन परत बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये.

आणि हजेरी अंगठ्याची. मी यायच्या आठवडाभर आधी जिल्ह्याहून एक ऑपरेटर येऊन बाराजणींचे अंगठे नोंदवून गेला होता. दारापाशी भिंतीवर काळा डबा. सकाळी आठला कामाला बसताना आणि साडेपाचला उठताना त्यावर अंगठा ठेवायचा. डबा बाईच्या आवाजात "धन्यवाद" म्हणायचा आणि हजेरी थेट मुंबईला जायची. बायका डब्याला धन्यवादीण म्हणत.

माझी एसटी सव्वानऊला पोचायची आणि संध्याकाळी पाचला परत निघायची, म्हणून धन्यवादिणीचा आवाज मी फारसा ऐकला नाही. सकाळी आल्यावर तिच्या पडद्यावर हिरवा आकडा बघायची : बारा. रोज बारा.

पहिल्या आठवड्याचे ठसे घेतल्यावर मला प्रश्न पडला होता. बारापैकी नऊजणींच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत, मग यंत्र त्यांना ओळखतं कसं? मेस्त्रींना विचारलं. ते बेडकाच्या पट्टीला तेल घालत होते.

"घेता ता," ते म्हणाले. मान वर केली नाही.

शाईत न उमटणाऱ्या पुसट रेषाही यंत्राला वाचता येत असाव्यात, असं मी गृहीत धरलं. वहीत तसं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या वहीत मी पुढच्या साठ दिवसांत चार हजारांवर नोंदी केल्या. त्या प्रश्नचिन्हाकडे परत गेले नाही.

शाईचे ठसे हे माझं स्वतःचं खूळ होतं, कुठल्या नियमात नव्हतं. हातांच्या स्थितीसाठी फॉर्ममध्ये तीनच पर्याय होते : चांगली, मध्यम, वाईट. मला ते मोजमाप वाटेना. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा येतो हे मला माहीत होतं. तेल लागायचं थांबलं तर रेषा परत यायला हव्यात, आणि आल्या तर त्या मोजता येतील. म्हणून दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत शाईचं पॅड.

पहिले दोन आठवडे काही नाही. बेडूक हाताच्या कटरपेक्षा हळू चालत होता आणि बायका करवादायच्या.

"मेस्त्र्यानू, तुमचो बेडूक जेवलेलो दिसना नाय आज!"

"तुजो पाय धीरान दाब गो. बी फोडूची हा, घोवाचा डोक्या नाय."

तिसऱ्या आठवड्यात ठशांच्या कडेला करडे तुकडे दिसू लागले. चौथ्यात सगळ्यांत तरुण असलेल्या रेश्माच्या अंगठ्यावर अकरा रेषा. पाचव्यात बेडकाचा वेग कटरच्या बरोबरीला आला. आणि सहाव्या शनिवारी मी जयवंतीकाकींच्या ठशावर भिंग लावलं आणि रेषा दोनदा मोजल्या.

"काय गो चेडवा? गप कित्या रवलंस?" एव्हाना मी मॅडमची चेडू, म्हणजे पोरगी, झाले होते.

"काकी, तुम्हीच बघा."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मग लांब धरलं, मग परत जवळ. कागदाच्या मधोमध, अजून पुसट, पण वाटोळ्या रेषा एकीत एक फिरत आत जात होत्या.

"ह्या चक्र," त्या हळूच म्हणाल्या.

"चक्र म्हणतात का इथेही?"

"शंख आणि चक्र. माजो बापूस सांगी, तुज्या उजव्या आंगठ्यार चक्र आसा, तू राणी होतलंस." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "लग्नाआदी मी बगलेलंय. मगे काजीर बसलंय, दोन वर्सांत सगळा गेला. माका वाटला, बापूस खोटा सांगी." त्यांनी कागद परत उचलला. "खोटा नाय सांगी होतो."

"राणी कदी होतलंस मगे?" मागून कुणी तरी विचारलं.

"झालंय ना! बेडकावर बसलंय, दिसना नाय?"

गोदामभर हसू झालं. मेस्त्री दारातून आत आले, कागद बघितला आणि परत बाहेर गेले. मी बाहेर गेले तेव्हा ते फणसाखाली पाठमोरे उभे होते.

"मॅडमानू," ते म्हणाले, "ह्या तुमी मुंबयक दाकवतलात मां?"

"दाखवणारच."

"दाकवा. आमचा बोलणा कोण आयकना नाय. रेगो बगतले."

पुढच्या मंगळवारी काकी दुपारी उशिरा कामाला आल्या. त्यांच्या डोक्यावर रेशनच्या तांदळाची पिशवी होती. ती खाली ठेवून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आज मी सोता आंगठो लावलंय."

"लागलो?"

"पयल्याच टायमाक! तो दुकानदार माका इचारता, कोणाचो आंगठो आणलंस गो जयवंती?"

आम्ही सगळ्या हसलो. मीही. "आत्तापर्यंत कोणाचा लावायचात?" मी विचारलं.

"जावयेचो. माज्या दिराची बायल ती, शिवणकाम करता, तिची बोटां बरी. रेशनाक घरातल्या कोणाचोय चलता. कार्डार नाव असला की झाला." त्या पदराने घाम पुसत बसल्या आणि पाय पट्टीवर ठेवला. टप. टप.

मला ते ऐकू आलं. तरी मी ते ऐकलं नाही.

डॉ. इनामदार हे कक्षाचे प्रमुख. चांगला माणूस. मला त्यांनीच निवडलं होतं. पन्नासाव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"शर्वरी, आकडे बघतोय. हजेरी शंभर टक्के! आपल्या एकाही केंद्रात अशी नाही. अख्ख्या गराचं प्रमाणही छान आहे. पण समितीत लोक विचारतील, यात नवीन काय? मोठ्या कारखान्यांत परदेशी यंत्रं आहेतच. तुझ्याकडे त्यांना गप्प करणारं काही आहे?"

"आहे सर," मी म्हणाले. मी ठशांबद्दल सांगितलं. आठवड्यागणिक वाढणाऱ्या रेषा, मोजलेल्या, प्रत्येक कागदावर तारीख.

"हे भारी आहे," ते म्हणाले. "पण शाईचे ठसे तू घेतलेस, मोजलेस तू. कुणी म्हणेल, जोर कमीजास्त दिला."

हा प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता, आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. मला अजून आठवतं, मी उभी राहून बोलत होते, इतकी खूश होते.

"सर, सुरुवातीला ऑपरेटरने यंत्रात नोंदवलेले ठसे आहेत ना? ते माझ्या हातचे नाहीत. त्यांच्याशी माझे शेवटच्या आठवड्याचे ठसे ताडून बघायला सांगा. माणूस तोच; तिथे रेषा पुसट असतील, इथे स्पष्ट. रेषा परत येतात तेव्हा आकृती तीच येते, ती बदलत नाही. मी संदर्भासकट लिहून देते."

"वा," ते म्हणाले. "लिही. आजच पाठव."

मी त्याच दिवशी कुडाळच्या सायबर कॅफेतून पत्र पाठवलं. दीड पान. गेल्या शनिवारच्या ठशांच्या प्रती जोडल्या. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की अंगठ्यावरची आकृती जन्मभर कायम राहते, त्यामुळे ही तुलना निर्णायक ठरेल.

उत्तर यायला दहा दिवस लागले. साठावा दिवस होता. रेश्माने घरून शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस आणला होता. गोदामात केळीची पानं मांडली जात होती. फोन वाजला म्हणून मी बाहेर फणसाखाली गेले.

"तू बसली आहेस का?" डॉ. इनामदारांनी विचारलं.

"नाही सर."

"अहवाल आलाय. बारापैकी तीन ठसे जुळतात. दोन वाचता येत नाहीत. सात जुळत नाहीत."

"रेषा अजून पूर्ण आल्या नसतील. दहा टक्के पुसट—"

"शर्वरी, गवंडे बाईंचा यंत्रातला अंगठा शंखाचा आहे. तुझ्या कागदावर चक्र आहे. शंखाचं चक्र होत नाही. हे तूच लिहून दिलंयस. निर्णायक म्हणून."

गोदामातून हसण्याचा आवाज आला. कुणी तरी मला हाक मारत होतं.

"त्या सातजणी कामावर आल्याच नाहीत," ते म्हणाले. "त्यांच्या नावावर दुसऱ्याच कुणी हजेरी लावली. साठ दिवस."

"सर, त्या होत्या. मी रोज बघत होते. ठसे त्यांचेच आहेत. मी माझ्या हाताने घेतलेत."

"मग यंत्रात कुणाचे आहेत?"

टप, टप, असा पट्टीचा आवाज माझ्या कानात येत होता आणि त्याच्यावर काकींचा, जावयेचो, तिची बोटां बरी.

"मला कळलं कुणाचे आहेत," मी म्हणाले. मी सगळं सांगितलं. रेशनचं दुकान. घरातला कुणाचाही अंगठा चालतो. ऑपरेटर आला तेव्हा ज्यांचे अंगठे उमटत नव्हते त्यांनी घरून उमटणारे अंगठे आणले. जाऊ, नणंद, सासू. त्या रोज सकाळी येऊन दाबून जात होत्या. "त्यांना वाटलं अशीच रीत आहे, सर. अंगठ्याचं यंत्र त्यांनी दुसरं कुठे पाहिलंय? आणि अंगठे का उमटत नव्हते? याच्याचसाठी तर सगळं केलंय आपण!"

"मी समजू शकतो."

"मग समितीला सांगा."

"काय सांगू? की हजेरी खोटी आहे पण प्रयोग खरा आहे?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट फार थकलेला होता. "हजेरी खोटी म्हटली की साठ दिवसांचे सगळे आकडे गेले. नियम माझा नाही. गेल्या वर्षी दोन केंद्रांनी खोट्या नावांनी निधी उचलला, म्हणून तर ते यंत्र आलं. अर्ज रद्द होईल. मेस्त्रींना तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. आणि त्या सातजणींचं निवेदन घ्यावं लागेल, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणार नाही. निवेदनाचा मसुदा पाठवतो."

"सर, तुम्ही स्वतः या. बघा त्यांचे हात."

"माझ्या बघण्याने काय होणार आहे?" ते म्हणाले. "तू बघितलंसच की."

मी आत गेले. माझ्या पानावर शिरवाळे वाढलेले होते. मी ते खाल्ले, सगळे. नंतर मेस्त्रींना बाजूला बोलावून सांगितलं. त्यांनी हातातला पाना फडक्याने पुसला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"माका दिसलेला. पयल्याच दिसा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"माका वाटला तुमका पण दिसता," ते म्हणाले. "रोज बारा, रोज बारा. आंगठे तर तुमीच बगलेलात भिंग लावन. शिकलेली चेडू, कळला आसतला आणि गप रवली आसतली. माका बरा वाटलेला तुमच्याबद्दल."

निवेदनाचा कागद एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आला. तोवर धन्यवादीण भिंतीवरून उतरवून नेली होती. मी पोचले तेव्हा गोदामाला कुलूप होतं. मेस्त्री ओट्यावर बसून बेडकांचे चिमटे सुटे करत होते. एसटीच्या खिडकीचं रबर एका टोपलीत, तारा दुसऱ्या टोपलीत.

"रबर बरा हा," ते म्हणाले. "खिडकेक चलात."

बायका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये होत्या. पत्र्याखाली तीस-चाळीसजणी ओळीने, जुने लोखंडी कटर, उकललेल्या टरफलांचे ढीग, डोळ्यांना झोंबणारा वास. जयवंतीकाकींनी मला बघितलं आणि जागा करून दिली. हात राखेने करडे झाले होते. त्या कामावर परत बसल्याला सहावा दिवस होता.

मी निवेदन वाचून दाखवलं. "माझ्या हजेरीच्या वेळी माझ्याऐवजी अन्य व्यक्तीने ठसा दिला, हे मला मान्य आहे."

"खराच हा ता," त्या म्हणाल्या. "दिल्यान ना माज्या जावयेन, मंगलान. मान्य कित्या नाय?" मग नवी बी कटरवर ठेवत, "आमी चोरी केली काय गो?"

"नाही, काकी."

"मगे मेस्त्र्यांचो बेडूक कित्या बंद केल्यानी?"

मी सांगायचा प्रयत्न केला. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, हात चालूच होते. बी ठेवायची, दांडा दाबायचा, टरफल बोटांनी उकलायचं, गर ताटलीत. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पण त्यांका कळला कसा? मुंबयत बसान? सांगल्यान कोणी?"

मी त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"मशीनने," मी म्हणाले.

"धन्यवादीण," त्या म्हणाल्या आणि मान हलवली. "गोड बोलता तीच काटो काडता."

मी पेन पुढे केलं. काकी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, त्यांना सही येत होती. प्रयोगाच्या संमतिपत्रावर मी पाहिली होती, मोठ्या गोल अक्षरांत. त्यांनी पेन घेतलं नाही.

"पॅड हाडलंस?"

"सही चालेल, काकी."

"सही काय, माका कदीपण येतली." त्यांनी पदराचं टोक पाण्यात भिजवून उजवा अंगठा चोळला, राख गेली तरी चोळत राहिल्या. "आता आंगठो आसा, तवसर आंगठोच देतंय."

माझ्या पिशवीत पॅड होतं. मी झाकण उघडून समोर धरलं. त्यांनी अंगठा टेकवला, मग कागदावर ठेवला. मी शिकवलं होतं तसा, एका कडेकडून दुसरीकडे हलकेच वळवला, आणि सरळ वर उचलला.

भिंगाची गरज नव्हती. त्या दोन महिन्यांतला तो सगळ्यांत स्वच्छ ठसा होता. मधोमध चक्र, पूर्ण. कडेला एका जागी नव्या तेलाचा डाग पडला होता आणि तिथल्या तीन रेषा तुटल्या होत्या. बाकी सगळ्या होत्या. सवयीने मी मोजल्या.

"बरो इलो?" त्यांनी विचारलं.

"छान आला."

त्या परत कामाला लागल्या. मी शाई वाळेपर्यंत थांबले. मग उरलेल्या सहाजणींकडे गेले, आणि मग एसटी पकडली.

नोकरी मी त्याच वर्षी सोडली. दोन वर्षांनी मी एकदा त्या कक्षात गेले आणि ते निवेदन बघायला मागितलं. कारकुनाने यादी पाहिली आणि सांगितलं की फाइल बंद झाली आहे, आणि अंगठ्याचे ठसे ही खाजगी माहिती असल्यामुळे बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाहीत. फाइलीवर शिक्का कुठला आहे, एवढं मी विचारलं. 'गैरव्यवहार,' तो म्हणाला.

मेस्त्री वारले. जयवंतीकाकी अजून शेडवर जातात असं रेश्मा फोनवर सांगते. रेशनला त्यांची जाऊ जाते. ते चक्र आता त्या फाइलीतच आहे.